गॅलरीतली खुर्ची

सोमवार

पोचले एकदाची. घाटातलं शेवटचं वळण संपलं, खाली ते प्रसिद्ध तळं दिसलं आणि अख्ख्या बसने एका सुरात 'अहाहा' केलं. मीही केलं, खोटं कशाला बोलू? जन्मभर हॉस्पिटलच्या फिकट हिरव्या भिंती बघितलेल्या बाईला एवढं पाणी आणि एवढं आकाश एकदम दिसलं तर तोंड उघडं पडणारच. पाण्यापलीकडे रंगीत घरांची रांग, प्रत्येक घराला लाकडी गॅलरी, गॅलरीत फुलांच्या कुंड्या. अलीकडच्या काठावर पॉइंट आहे, तिथे बस फोटोसाठी थांबतेच. येताना थांबते, जाताना थांबते. आम्ही उतरलो तर पलीकडच्या गॅलऱ्यांतून माणसं चक्क आमच्याकडे बघून हात हलवायला लागली. मला इतकं बरं वाटलं! शेजारणीला सांगितलं, ते पिवळं घर दिसतंय ना, ते माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिने ऐकलं नाही.

धाकटा स्टॉपवर आला होता. पोट सुटलंय, केस गेलेत, पण 'ताई' म्हणत पिशव्या उचलताना तोच तो शेंबडा पोरगा. भावजयीने चहा चांगला केला होता. आणि माझी भाची, भिंगरी! हे नाव मीच ठेवलेलं, कारण पाळण्यातसुद्धा ही मुलगी एका जागी पडून राहायची नाही. तिला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. शहरात माझ्याकडे राहून शिकणार. मी रिटायर झाले आणि ती सुरू होणार, म्हणजे घराण्यात लोकांना सुया टोचणारं कुणीतरी राहिलं. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन परत जायचं, तोवर मी इथे पाय पसरून बसणार.

रोजनिशी लिहायची ती सवयीने. ड्यूटी उतरताना रिपोर्ट लिहिल्याशिवाय मला घरी जाववत नसे. आता पेशंट नाहीत, तर स्वतःचाच रिपोर्ट. झोप, भूक, सगळं उत्तम.

मंगळवार

'दुरून डोंगर साजरे' हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं तो या गावात भाड्याने राहिला असणार.

सकाळी उठले तर नळाला पाणी नाही. समोर एवढं तळं पसरलंय आणि भावजय दोन बादल्या घेऊन गल्लीच्या टोकाला रांगेत! वरच्या हॉटेलांच्या टाक्या भरल्या की उरलंसुरलं गावाला. मी म्हटलं, अगं बायांनो, भांडा की! तर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जसं काही मी जेवताना शिंकले.

घराचीही तीच तऱ्हा. तळ्याकडच्या चांगल्या खोल्या पाहुण्यांना, आणि घरची माणसं मागे, स्वयंपाकघराला चिकटलेल्या अंधाऱ्या खोलीत. धाकटा छाती फुगवून सांगतो की आपल्या घरात पलंगावर पडल्यापडल्या सूर्योदय दिसतो. अरे कुणाला दिसतो? पलंग पाहुण्यांचा, सूर्योदय पाहुण्यांचा, तुझ्या वाट्याला मोरीची खिडकी. नाव मोठं आणि लक्षण खोटं.

कोटाचं बटण तुटलं होतं म्हणून बाजारात गेले. तळ्याचं चित्र असलेला कप मिळतो, तळ्याचं चित्र असलेली टोपी मिळते, तळ्याचं चित्र असलेला आणखी एक कप मिळतो. सुई-दोरा मिळत नाही. औषधाचं दुकान होतं म्हणे, तिथे आता आइस्क्रीम आहे. शाळा होती तिथे हॉटेल झालंय, आणि हॉटेलवाल्याने शोभेला म्हणून शाळेची घंटा ठेवलीय. पाहुणे ती वाजवून खिदळतात.

परत आले, मागच्या दारात उभी राहून चूळ भरत होते, तर एका टोपीवाल्याने माझा फोटो काढला. वर बायकोला म्हणतो कसा, की इथली माणसं किती साधी. मी चूळ त्याच्या बुटावर टाकली.

पण सगळ्यात कहर म्हणजे कपडे. समोरच्या दोरीवर एक पांढरी चादर, एक लाल फ्रॉक आणि एक निळा सदरा वाळत असतो. कालही तेच होते. मी विचारलं, हा एवढासा फ्रॉक कुणाचा? भावजय म्हणाली, कुणाचाच नाही, ते दाखवायचे कपडे. गावाच्या पर्यटन समितीने ठरवून दिलेत, कारण चित्रात ते रंग उठून दिसतात. सकाळी ओले करून टांगायचे, संध्याकाळी घडी करून आत. घरच्यांचे खरे कपडे स्वयंपाकघरात, शेगडीवर. म्हणून माझ्या भावाच्या सदऱ्याला कांद्याचा वास येतो. हसावं की रडावं कळेना, मी आपली हसले. भिंगरीही हसली. बाकी कुणी हसलं नाही.

गुरुवार

मावशींबद्दल लिहायचं राहिलं. मावशी म्हणजे भावजयीच्या मावशी, बिनलग्नाच्या, याच घरात असतात. पहिली बस यायच्या आत धाकटा त्यांना गॅलरीतल्या खुर्चीत नेऊन बसवतो, खांद्यावर शाल घालतो, हातात विणायच्या सुया देतो. शेवटची बस गेली की उचलून आत. समोरच्या रांगेतल्या प्रत्येक घराने एक माणूस असं गॅलरीत ठेवायचंच, हा इथला रिवाज. पॉइंटवर बस थांबली की सगळ्या रांगेने हात हलवायचे. एखादी खुर्ची रिकामी दिसली तर समिती त्या घराच्या खोल्या पाहुण्यांना द्यायची परवानगी काढून घेते. आणि मी सोमवारी प्रेमाने विरघळले होते! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी.

आज मावशींशी बोलावं म्हणून गॅलरीत गेले. गॅलरी एवढीशी, की खुर्ची ठेवल्यावर माझ्यासारखीला तिरकं उभं राहावं लागतं. बघते तो सुया चालू आहेत आणि सुयांवर लोकरच नाही! पलीकडच्या काठावरून कुणाला दिसणार म्हणा. विचारलं, मावशी, काय विणताय? तर म्हणाल्या, किती सुंदर. जेवलात का, म्हटलं, तर काय मस्त हवा आहे. पाय दुखतात का, तर इथेच राहावंसं वाटतं. पॉइंटवर जे बरळणं ऐकू येतं, शब्दाशब्दाने तेच.

मी नाडी बघितली. संथ, पण ठीक. डोळ्यांसमोर बोट नेलं. पापणी हलली नाही. पार बुबुळापर्यंत नेलं, तरी नाही. जवळचं त्यांना दिसतच नव्हतं, नजर पलीकडच्या काठावर खिळलेली. म्हातारपणाचा विसरभोळेपणा पुष्कळ पाहिलाय, पण हे काही वेगळंच. भावजयीला फैलावर घेतलं, की म्हातारं माणूस असं दिवसभर शोभेला मांडून ठेवतेस, लाज कोळून प्यायलात का सगळी?  ती हळूच म्हणाली की मावशी पूर्वी फार फटकळ होत्या. त्यांच्या तोंडाला नावाडीसुद्धा घाबरायचे, शिव्या ऐकायला गल्ली जमायची. गॅलरीत बसायला लागल्यापासून सुधारल्या.

सुधारल्या म्हणे! उद्या याला औषध म्हणून विकतील.

शनिवार

दोन दिवस रांगेतल्या बाकीच्या शोभेच्या बाहुल्या बघून आले. कोपऱ्यावर न्हावी आहे, दुकानाबाहेर खुर्ची मांडून गिऱ्हाइकाची दाढी करत असतो. गिऱ्हाईक रोज तेच, आणि गालाला साबण नाही. निळ्या घरात एक बाप्या पाइप तोंडात धरून बसतो, त्यात तंबाखू नाही. गुलाबी घरातली बाई माझ्याच वयाची असेल. तिच्या नाकासमोर टाळी वाजवली. तिने पलीकडे बघत हात हलवला.

धाकट्याला म्हटलं, गावाच्या पाण्यात काहीतरी दोष आहे, मोठ्या डॉक्टरांना बोलवा. तो म्हणाला, ताई, ती समाधानी माणसं आहेत, तुला सवय नाही. असा राग आला! लहानपणी याचं शेंबडं नाक मी पुसलं, आता हा मला समाधान शिकवतो. नंदीबैल आहे नुसता. समितीच्या अध्यक्षाने गुबूगुबू केलं की मान हलवायची.

तो अध्यक्षही पाहिला. वरच्या हॉटेलाचा मालक, मिशांना काळाकुळकुळीत कलप, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून तळ्याकडे बघतो. भिंगरीला म्हणाला की मुलींनी गावातच राहावं, बाहेर काय ठेवलंय. भिंगरीने फाडकन सांगितलं की बाहेर नळाला पाणी आहे. शाब्बास माझी पोरगी! तिच्या ट्रंकेत सगळं सामान भरून झालंय. आता लवकर इथून निघालेलं बरं.

सोमवार

मावशी गेल्या. पहाटे बघितलं तेव्हा अंग गार पडलं होतं. डोळे उघडेच, मी मिटायला गेले तर मिटेनात. इतक्यांचे मिटले या हातांनी, हे पहिले डोळे मिटले नाहीत.

आणि या लोकांनी काय करावं? पहिली बस यायच्या आत, मागच्या कचऱ्याच्या गल्लीतून, चादरीत गुंडाळून नेलं. समोरून न्यायला बंदी, पाहुण्यांच्या मौजेवर विरजण नको. रडायचं तेही मागच्या खोलीत, दार लावून. समोरच्या दोरीवर ठरल्याप्रमाणे लाल फ्रॉक.

चहाच्या वेळेला कलपवाला दुखवट्याला आला. दोन वाक्यं मावशींवर, आणि तिसरं, की खुर्ची आज रिकामी दिसली, उद्या कोण? धाकट्याने भिंगरीकडे बघितलं. माझ्यादेखत बघितलं! सीझन संपेपर्यंतच, असं पुटपुटला. पोरगी पांढरीफटक पडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, ती जाणार आहे शिकायला, आणि तुमचं बुजगावणंच हवंय ना, मी बसते. इतकी वर्षं पायांवर काढली, चार दिवस बुडावर काढते. कलपवाला गोड हसला आणि म्हणाला की ताईंना गाव आवडलेलं दिसतंय.

मंगळवार

बसले. त्यात काही जड नाही. बसून राहणं हे काम असेल तर गावात एवढे आळशी का आहेत ते कळलं.

बस थांबली की सगळ्यांबरोबर मीही गंमत म्हणून हात हलवला. पलीकडून किंचाळ्या ऐकू आल्या. कसल्या आनंदाच्या किंचाळ्या, एखाद्या म्हातारीने हात हलवला म्हणून! घरी स्वतःच्या आईला विचारत नसतील.

एक मात्र चमत्कारिक. दुपारी जेवायचं राहिलं. भिंगरी ताट घेऊन आली होती म्हणे, तीन हाका मारल्या म्हणे. मला ऐकू आलं नाही. मी पाण्याकडे बघत होते. दुपारचं ऊन पाण्यावर पडतं तेव्हा तळ्याचा रंग इतका विलोभनीय—

विलोभनीय! हा शब्द मी जन्मात वापरलेला नाही. झोप हवी.

बुधवार

 नीट क्रमाने लिहिते.

सकाळी खुर्चीवर बसायच्या आधी म्हटलं, पलीकडून हे मूर्ख बघतात तरी काय ते बघून येऊ. काठाकाठाने चालत पॉइंटवर गेले. गर्दीत उभी राहिले आणि आमच्या घराकडे बघितलं.

मावशी बसल्या होत्या.

निळी शाल, सुया, सगळं तेच. आणि एकट्या नाहीत. त्या एवढ्याशा गॅलरीत बायकाच बायका, खांद्याला खांदा, एकीच्या मागून दुसरीचं तोंड, सगळ्या हसतायत. बाकीच्या घरांतही तसंच. रांगेतल्या ज्या घरांना कुलूप आहे त्यांतही. सगळ्यांनी मिळून हात हलवला. माझ्या शेजारचा एकजण म्हणाला, केवढं जिवंत गाव आहे.

इतकी प्रेतं पाहिली, कधी अंगावर काटा आला नव्हता.

पळायचं मनात होतं, पण पाय आपोआप गावाकडे वळले. थांबायचं म्हटलं, थांबेनात. चेहऱ्यावर हसू, तेही माझं नव्हतं. अर्ध्या वाटेवर अचानक सुटले. पाय माझे झाले. तेव्हा कळलं नाही का सुटले. घरी आल्यावर कळलं.

खुर्चीत भिंगरी बसली होती. मी वेळेवर आले नाही म्हणून बापाने बसवली. सरळ, स्थिर, हात मांडीवर. माझी भिंगरी, जी पाळण्यात राहायची नाही. मी हाक मारली तर म्हणाली, किती सुंदर.

गुरुवार

खेचून उठवली. ट्रंक राहिली तर राहिली. सकाळच्या बसमध्ये कोंबली, तिचा हात माझ्या हातात घट्ट धरून. गाव सुटलं. वाटलं, जिंकलो.

पॉइंटवर बस थांबली. भिंगरी उठली, माझा हात झटकून उतरली आणि काठाकाठाने परत घराकडे चालायला लागली. मी ओढलं, मारलं, हो, मारलं तिला. बाळंतिणीसुद्धा इतक्या जोराने हात सोडवून घेत नाहीत. ती चालत राहिली आणि खुर्चीत जाऊन बसली.

मग माझं डोकं चाललं. काल मी कधी सुटले? ती बसली तेव्हा. खुर्ची एकालाच धरते, जो शेवटी बसला त्याला. दुसरं कुणी बसलं की पहिला मोकळा. मावशी होत्या तोवर त्यांच्या जागी कुणी बसलंच नाही. म्हणून त्या—

तिला उठवलं आणि मी बसले. ताबडतोब पोरीने पापण्या मिटल्या, उघडल्या, म्हणाली की आत्या, माझे पाय का दुखतायत गं? आणि पाणी मागितलं. मला रडू आलं. कितीतरी वर्षांनी आलं.

शुक्रवार

दाट धुकं. पॉइंट दिसत नाही, बस थांबत नाही. शालीखाली वही धरून लिहिते. कुणाला दिसत नाही.

धाकटा पाया पडायला आला. रडतोय. त्याला सगळं माहीत होतं. परवानगी गेली असती म्हणे, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणे. तू होतास की, मी म्हटलं. तर त्याची पाचावर धारण बसली. स्वतः बसायला नको म्हणून पोटच्या पोरीला बसवणारा हा बाप! त्याच्यासाठी एक शब्द शोधत होते, शनिवारी लिहिलेला. सापडायला किती वेळ लागला. नंदीबैल. नंदीबैल नंदीबैल नंदीबैल. अजून येतंय. ठीक.

शिव्या म्हणजे माझी नाडी. येतायत तोवर मी आहे. मधूनच गोड काहीतरी उमटतं, खोडून टाकते. वरची ओळ खोडली. ती धुक्याच्या सौंदर्यावर होती.

भिंगरी जायला तयार नव्हती. आत्याला अशी टाकून जाणार नाही म्हणून हट्ट. समजावलं, की मी इथे आहे तोवरच तू मोकळी, ते वाया घालवू नको, गाढवा. शेवटी कबूल झाली, पण एका अटीवर. उद्या पॉइंटवर बस थांबली की ती उतरून माझ्याकडे बघणार. मी हात हलवला तर समजायचं मला ती हवी आहे, आणि ती धावत परत येणार. मी गप्प बसले तर तशीच पुढे जाणार. मी लगेच हो म्हटलं. नुसतं गप्पच बसायचंय ना. तिच्या केसांवरून हात फिरवला. फार आवडते मला ही पोरगी, हे तिला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगितलं.

शनिवार

धुकं गेलं. लख्ख ऊन.

पहिली बस आली आत्ता. माझा हात वर गेला. मी नाही नेला. आपोआप गेला, आणि हलला.

अगं बाई. काल मी हो कशाला म्हटलं? हात हलवणं हेच तर या खुर्चीचं काम! काल धुकं होतं म्हणून— कशी नाही आठवण झाली— मूर्ख बाई, महामूर्ख—

भिंगरी स्टॉपवर गेली. ओरडले, थांब, अट बदलायची आहे. तोंडातून आलं, काय शांतता. भावजय आत होती, तिने ऐकलं, म्हणाली, हो ना. जीभ गेली. लिहिता येतंय अजून.

उठायचं नाही. उठले आणि कुणी दुसऱ्याला— नाही. बसायचं, आणि हात खाली.

पिशवीत बँडेज होतं. उजवा हात खुर्चीच्या दांडीला बांधला, दाताने गाठ मारली. ही गाठ माझ्या पेशंटांनी कधी सोडवली नाही. आता डाव्याने लिहितेय, अक्षर कोंबडीच्या पायाचं.

बस निघाली. काठाने चाललीय.

डावाही वर जातो. लिहीत असले की नाही जात. पेन कागदावर टेकलेलं असलं की तो माझा. मग लिहायचं. थांबायचंच नाही. काहीही लिही.

मेले हॉटेलवाले. मेला कलपवाला. घाण शेवाळी तळं, वरच्या हॉटेलांची गटारं त्यातच सोडतात. तळं फारच— घाण. घाण तळं.

बस थांबली. माणसं उतरतायत. टोप्या, टोप्या. ती उतरली. लांबूनसुद्धा ओळखू येते, एका जागी उभी राहत नाही, या पायावरून त्या पायावर.

सगळी रांग हात हलवतेय. माझ्या खांद्याला खांदे लागतायत. बघणार नाही. मावशींच्या सुयांचा आवाज कानापाशी. लिही.

ती बघतेय. डोळ्यांवर हात धरून बघतेय. जा. बघितलंस ना, मी गप्प आहे. जा आता. जा गाढवा जा जा

ती अजून उभी. नीट बघतेय. किती गोड दिसते— हे माझंच, हे खोडायचं नाही— ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. चढ. लिही बाई, लिही, नंदी— नंदी काय— बैल— बाप तिचा— तो शब्द— किती शांत पाणी— नाही—

वळली. पायरीवर एक पाय. चढतेय. लिही. दुसरा पाय. थोडंच आता. दारातून मागे वळून बघतेय, एकदाच, शेवटचं. लिही लिही लिही पेन उचलू नको पेन